वेताळ लक्षात का राहतो?

गेमसाठी राक्षस काढा म्हटले, की तुम्ही दहा डोकी आणि लांब सुळे काढता. पण असा राक्षस दुसऱ्या दिवशी विसरला जातो. मग लक्षात कोण राहतो?

आपल्या उज्जैनच्या विक्रमराजाचा वेताळच पाहा. राजाने त्याला खांद्यावरून मुकाट्याने न्यायचे असते. वाटेत तो गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न विचारतो. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. बोलला, तर वेताळ पुन्हा झाडावर! या एका नियमामुळेच आपण पुढची गोष्ट ऐकतो.

१९८० साली जपानमध्ये आलेल्या 'पॅक-मॅन' या खेळातली चार भुते दिसायला सारखीच, फक्त रंग वेगळे. पण तांबडे भूत पाठलाग करते, तर गुलाबी पुढे जाऊन वाट अडवू पाहते. प्रत्येकाची खोड ओळखण्यातच खरी मजा आहे.

वेताळाकडे आणखी एक गोष्ट आहे : तो बदलतो. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त हा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा त्रिविक्रमसेन आहे. त्याला रात्रभर दमवणारा वेताळच शेवटी त्याच्या धैर्यावर प्रसन्न होतो आणि कपटी भिक्षूपासून त्याला वाचवतो.

पालकांनी "खेळ बंद कर" म्हणण्यापूर्वी एकदा विचारावे, "या राक्षसाचा नियम कोणता? त्याला हवे काय?" मुलाला उत्तर देता आले, तर बटणे दाबताना त्याचे डोकेही चालते आहे, असे समजावे.