खो मिळालाच नव्हता!

मधली सुट्टी संपली की "बाई, यानं मला ढकललं!" ही तक्रार वर्गात येतेच. दोघांना दरडावायचं, 'सॉरी म्हण' म्हणायचं आणि फळ्याकडे वळायचं, हा सरधोपट उपाय. मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेत चौथीच्या बाईंनी मात्र गणित थांबवलं.

भांडण खो-खोचं होतं. एक म्हणे, खो मिळण्याआधीच हा उठला. दुसरा म्हणे, ऐकू आला म्हणून उठलो. त्यातून झटापट, खरचटलेला गुडघा. बाईंनी आधी गुडघा धुतला, दोघांना पाणी प्यायला लावलं. धापा टाकणाऱ्या मुलाला काही विचारून उपयोग नसतो. मग एकानं बोलायचं. दुसऱ्यानं ऐकायचं आणि ऐकलेलं परत सांगायचं, पहिल्याला पटेपर्यंत.

"हा म्हणतो, मी खोटारडा आहे."

"असं कुठं म्हटलं? तू लवकर उठलास एवढंच म्हटलं."

दोन-तीनदा असं अडखळून अखेर त्याला ते नीट सांगता आलं, तेव्हा पहिल्याचा आवाज आपोआप खाली आला. मला ही पायरी सगळ्यांत मोलाची वाटते. मोठ्या माणसांच्या बैठकीतही ती क्वचितच गाठली जाते. तोडगा मुलांनीच काढला : नुसतं ओरडायचं नाही, पाठीला हात लागलाच पाहिजे. खेळाचा मूळ नियमही तोच.

भांडण ऐकून घेऊन मिटवायला शिकवण्याचं हे काम एकट्या बाईंच्या हौसेवर सोडून चालणार नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शांततेच्या शिक्षणाला जागा दिली. २००९ मध्ये शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत 'मूल्यवर्धन' हा मूल्यशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. जोडीत आणि गटात बोलणं-ऐकणं हा त्याचा गाभा. मोठ्यांची भांडणं गावातच मिटवण्यासाठी गावोगावी तंटामुक्त मोहीम २००७ मध्येच पोचली होती. पण ऐकून घ्यायची सवय लहानपणीच लागायला हवी आणि त्यासाठी वेळापत्रकात हक्काचा तास हवा.

प्रत्येक प्रसंगी मात्र असं समोरासमोर बसवू नये. मोठी मुलं लहानग्याला रोज छळत असतील, कुणाला जातीवरून हिणवत असतील, तर 'आपसांत मिटवा' म्हणणं हा त्या मुलावर दुसरा अन्याय ठरतो. बाई याबाबत ठाम आहेत. असं काही कानावर आलं की त्या मुलांना वेगवेगळं बोलावतात, मुख्याध्यापकांना कळवतात आणि त्याच दिवशी पालकांना निरोप धाडतात.