उरलेली पिन

रोहिणी नक्षत्र लागण्यास पंधराच दिवस उरले होते. घाटमाथ्यावरील एका गावी एका शेतकऱ्याचा जुना ट्रॅक्टर छपरात उभा होता. भरलेल्या ट्रॉलीसह उतारावरून येताना त्याचा गिअर आपोआप सुटला. ब्रेक वेळीच लागले म्हणून अनर्थ टळला. नवा गिअरबॉक्स घेणे परवडण्याजोगे नव्हते. तेव्हा तालुक्याच्या मिस्त्रीकडून चेनपुलीने गिअरबॉक्स उतरवून घ्यावा व तो घरीच खोलून दुरुस्त करावा, असे त्याने ठरविले. हे काम तो प्रथमच करीत होता.

आधी त्याने तेल स्वच्छ परातीत काढले. तेल पाहणे म्हणजे गिअरबॉक्सची नाडी पाहणे होय. तेलात पिवळा कीस दिसल्यास पितळी भाग झिजला असे समजावे. पोलादी कपच्या दिसल्यास दाते किंवा बेअरिंग तपासावे. येथे तेल दुधाळ होते, म्हणजे आत पाणी शिरले होते. गिअरच्या दांड्यावरील रबरी टोपी फाटलेली होती. ट्रॅक्टर धुताना पाणी तेथूनच झिरपत असे.

पुढे एकेक भाग काढून तो स्वच्छ पोत्यावर क्रमाने मांडला गेला. मुलाने प्रत्येक भागाची जागा वहीत रेखाटून ठेवली. फोर्कचे दांडे ओढताना भोकावर फडके धरले, नाहीतर आतील स्प्रिंग व छर्रा उडून हरवतात. गिअर जागेवर धरून ठेवणारी एक स्प्रिंग गंजून तुटलेली निघाली. दाते मात्र शाबूत होते. आधी कारण न शोधता गिअरच बदलले असते, तर खर्च होऊनही दोष तसाच राहिला असता.

बेअरिंगे रॉकेलमध्ये धुऊन हाताने फिरविली. जी दोन खरखरली, ती बदलली. कडक केलेल्या पोलादावर लोखंडी हातोडा मारल्यास कपची उडते. म्हणून लाकडी ठोकळा वापरला. पॅकिंग पूर्वीच्याच जाडीचे घेतले, कारण काही ठिकाणी त्या जाडीवर बेअरिंगची ढिलाई अवलंबून असते.

सर्व जोडून झाल्यावर पोत्यावर एक लहानशी पिन उरली.

"आबा, ही पिन कुठली?" मुलाने विचारले.

"राहिली असेल एखादी. आता पुन्हा कोण खोलणार?"

"वहीत आहे ना! दोन दांड्यांच्या मधली आहे ही."

आबांनी वही पाहिली आणि निमूटपणे पाना उचलला. एकाच वेळी दोन गिअर पडू नयेत, म्हणून ही पिन असते. ती नसती तर दोन गिअर एकत्र पडून गिअरबॉक्स जागीच जखडला असता व दातेही मोडले असते. अर्धा दिवस अधिक गेला, पण पिन आपल्या जागी बसली.

मिस्त्रीने गिअरबॉक्स चढविण्यापूर्वी प्रत्येक गिअर हाताने टाकून पाहण्यात आला. माहितीपुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरले; अनेक ट्रॅक्टरांत तेच तेल हायड्रॉलिकलाही लागते, म्हणून तेथे अंदाज चालत नाही. पहिली चाचणी सपाटीवर व रिकाम्या ट्रॉलीने घेतली.

ग्रामसेवकांनी शेतकरी बंधूंना एवढेच आवर्जून सांगावे: खोलण्याआधी वही घ्या, आणि उरलेला भाग कधीही खिशात टाकू नका. मृगाच्या पेरणीला आबांचा ट्रॅक्टर शेतात होता.