वेदीसमोर कोण बसतं?

जर्मनीतल्या विटेनबर्ग गावच्या सेंट मेरी चर्चमध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर वर्षानुवर्षं उपदेश करत असे. तिथल्या वेदीवर लुकास क्रानाख आणि त्याच्या मुलाच्या चित्रशाळेत तयार झालेलं, १५४७ मध्ये बसवलेलं मोठं चित्र आहे. मधल्या फळीवर प्रभुभोजनाचा प्रसंग आहे आणि त्यातलं मेज गोल आहे. येशू मध्यभागी नाही, डाव्या कडेला बसला आहे आणि पिवळ्या वस्त्रातल्या यहूदाला स्वतःच्या हाताने घास भरवतो आहे. समोरच्या बाजूला एक दाढीवाला शिष्य मागे वळून सेवकाशी प्याल्याची देवघेव करतो आहे. हा दाढीवाला म्हणजे ल्यूथर. १५२१-२२ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहताना त्याने दाढी वाढवून ‘युंकर यॉर्ग’ नावाच्या सरदाराचं सोंग घेतलं होतं, तेच हे रूप. त्या काळी रोमच्या प्रथेनुसार प्रभुभोजनातला द्राक्षारस फक्त धर्मगुरू घेई, सामान्यांना भाकरीवर भागवावं लागे. त्यामुळे मेजावरून बाहेर जाणारा तो प्याला पाहणाऱ्याला काय सांगत होता, हे विटेनबर्गमध्ये कुणाला समजावून द्यावं लागलं नसेल.

डाव्या फळीवर फिलिप मेलांख्थोन एका तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो आहे. मेलांख्थोन विद्यापीठातला ग्रीकचा प्राध्यापक. त्याला पाळकपदाची दीक्षा कधीच मिळाली नव्हती. तरी बाळ त्याच्याच हातात दिलं आहे. उजव्या फळीवर गावचा पाळक योहानेस बुगेनहागेन दोन किल्ल्या घेऊन बसला आहे. एक किल्ली गुडघे टेकलेल्या माणसाला पापक्षमा देते, दुसरी हात बांधलेल्या उद्धट माणसाला परत पाठवते. या किल्ल्या पेत्राच्या, म्हणजे पोपच्या अधिकाराची खूण. त्या आता एका बायकामुलं असलेल्या पाळकाच्या हाती आल्या आहेत.

या तिन्ही फळ्या ज्या आडव्या पट्टीवर उभ्या आहेत, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. उजवीकडे पुलपिटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच कठड्यावर, ल्यूथर, एक हात उघड्या पवित्र शास्त्रावर, दुसरा समोर रोखलेला. डावीकडे ऐकणारी मंडळी. त्यांत ल्यूथरची बायको काटारीना आणि म्हातारा क्रानाखही आहे, असं परंपरेने मानलं जातं. मध्ये रिकामी दगडी जागा आणि त्या रिकामेपणात क्रूसावरचा ख्रिस्त. बोलणारा आणि ऐकणारे यांच्यामध्ये शब्दानेच तो उभा केला आहे. बाप्तिस्मा, भोजन आणि क्षमा यांचा भार उपदेशावर पेललेला आहे. जिथे सुवार्ता नीट सांगितली जाते आणि संस्कार नीट दिले जातात तिथे मंडळी असते, असं लुथरनांच्या १५३० च्या ऑग्सबुर्गच्या विश्वासकबुलीत म्हटलं आहे. ही पट्टी त्याचाच रंगवलेला मसुदा आहे.

असं चित्र इथे आलंच कसं, हाही प्रश्न आहे. १५२२ च्या जानेवारीत याच गावच्या नगरसभेने चर्चमधल्या मूर्ती-चित्रं काढून टाकायचं ठरवलं होतं. मार्चमध्ये ल्यूथर वार्टबुर्गहून परतला आणि लागोपाठ आठ दिवस उपदेश करून त्याने ही घाई थोपवली. चित्रांनी तारण होत नाही, पण जबरदस्तीने फोडूनही होत नाही, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षांनी दुसरा सुधारक झ्विंगली याच्या झुरिकमध्ये भिंती सपाट पांढऱ्या झाल्या. लुथरन चर्चमध्ये वेदी, क्रूस, मेणबत्त्या, चित्रं राहिली, त्याचं कारण हे.

ल्यूथरच्या हयातीत नवं चर्च बांधण्याची संधी आली ती टोरगाऊला. हार्टेनफेल्स राजवाड्यातलं प्रार्थनालय त्याने ५ ऑक्टोबर १५४४ रोजी समर्पित केलं. निकोलाउस ग्रोमानच्या या इमारतीत पुलपिट लांब भिंतीच्या मध्यावर आहे, म्हणजे कुणीही आवाजापासून फार दूर नाही. वेदी म्हणजे चार देवदूतांनी तोललेलं साधं मेज. लोकांना पाळकापासून तोडणारा जाळीचा आडपडदा इथे नाही. पुलपिटवरच्या शिल्पांतल्या एकात येशू देवळातल्या व्यापाऱ्यांना हाकलतो आहे. टोमणा रोमला आहे हे उघड आहे. ल्यूथरने त्या दिवशीच्या उपदेशात असंही सांगितलं की या दगडमातीत पवित्र काही नाही, गरज पडली तर पाण्याच्या कारंज्याजवळही उपदेश करता येईल. सगळे एकाच शब्दापुढे सारखे, ही झाली कल्पना. बसायला मात्र राजघराणं वरच्या सज्जात आणि बाकीचे खाली.

पुढे १५९० मध्ये श्माल्काल्डेनच्या राजवाड्यातल्या प्रार्थनालयात वेदी, तिच्यावर पुलपिट आणि त्याच्यावर ऑर्गन अशी एकाच रेषेत मांडणी झाली. बाप्तिस्म्याचं पात्रही वेदीतच बसवलं. डोळा कुठेही वळवायला नको. जर्मनीत अशा पुलपिट-वेद्या पुढची दोन शतकं होत राहिल्या. १८६१ मध्ये चर्चबांधणीबाबतच्या आयझेनाखच्या नियमावलीने त्यांवर फुली मारली आणि गॉथिक शैली, पूर्वेकडे तोंड, पायऱ्या चढून उंच केलेली वेदी असा आग्रह धरला. माझ्या मते ही माघार होती. वेदी दूर नेली की मंडळी पुन्हा प्रेक्षक होते.

विटेनबर्गच्या त्याच चर्चच्या भिंतीची बाहेरची बाजूही बघायला हवी. तिथे सुमारे सातशे वर्षांचं, डुकरिणीला लुचणाऱ्या यहुद्यांचं किळसवाणं शिल्प आहे. त्यावरची अक्षरं १५७० मध्ये कोरली, आणि ती ल्यूथरच्याच १५४३ च्या यहुदीद्वेष्ट्या पुस्तकातून उचलली. शिल्प काढून टाकावं ही मागणी २०२२ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने फेटाळली, कारण १९८८ पासून त्याखाली स्मृतिफलक आहे. आत गोल मेज आणि बाहेर हे, अशी एकाच इमारतीची दोन तोंडं आहेत.

सगळे एकाच शब्दापुढे सारखे, हा विचार आपल्या बाजूला आला तो समुद्रमार्गे. ९ जुलै १७०६ रोजी लुथरन मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग तमिळ किनाऱ्यावरच्या, डेन्मार्कच्या ताब्यातल्या तरंगमबाडीत, म्हणजे ट्रांकेबारला उतरला. त्याने बांधलेलं न्यू जेरुसलेम चर्च १७१८ मध्ये पूर्ण झालं. आराखडा समान बाहूंच्या क्रूसाचा. दर्शनी भागावर राजा चौथ्या फ्रेडरिकची मुद्रा. पुढच्याच वर्षी त्सीगेनबाल्ग गेला आणि त्याला वेदीसमोर पुरलं. पण या क्रूसाच्या बाहूंत माणसं बसली ती जातीप्रमाणे. वरच्या जातीचे वेल्लाळ एका बाजूला, अस्पृश्य मानलेले दुसऱ्या बाजूला, आणि मिशनऱ्यांनी ते चालवून घेतलं. कलकत्त्याचा अँग्लिकन बिशप डॅनिएल विल्सन याने १८३३ मध्ये चर्चमधला जातिभेद बंद करण्याचा हुकूम काढला, तेव्हा तंजावर-मद्रासकडची बरीच वरच्या जातीची ख्रिस्ती कुटुंबं मंडळी सोडून निघाली. पुढे आलेल्या लाइपझिगच्या लुथरन मिशनने त्यांच्याबाबत मवाळ धोरण ठेवलं. वास्तूने मांडलेला अर्थ बाकांच्या मांडणीने पुसला, असा हा हिशेब आहे.

तंजावरची गोष्ट वेगळी आणि आपल्या जवळची आहे. तरंगमबाडी मिशनमधून आलेल्या लुथरन क्रिस्टियन फ्रीडरिक श्वार्ट्सने १७७९ मध्ये किल्ल्यात शिवगंगा तलावाजवळ चर्च बांधलं. भोसले घराण्यातले दुसरे सरफोजी त्याच्या देखरेखीखाली शिकले आणि १७९८ मध्ये, श्वार्ट्सच्या मृत्यूच्याच वर्षी, गादीवर आले. ते ख्रिस्ती झाले नाहीत. पण त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून श्वार्ट्सचं संगमरवरी स्मारक करवून घेतलं आणि समाधीशिळेसाठी स्वतः इंग्रजीत ओळी रचल्या. शिल्पात मरणशय्येवरच्या पाळकाचा हात तरुण राजाने धरला आहे आणि पायथ्याशी शाळेतली मुलं आहेत. क्रानाखने ल्यूथरला मेजाशी बसवलं होतं, इथे हिंदू राजा चर्चच्या भिंतीवर आला. याच सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळावर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला.

मराठी पर्यटक तो शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतात आणि परततात. चर्च देवळाच्या परिसराला लागूनच आहे. पुढच्या खेपेला तेही पाहावं.