दातांच्या डॉक्टरकीची तयारी आजोबांच्या दाखल्यापासून

मुलगी अकरावी विज्ञानाला गेली की घरात एकच चर्चा सुरू होते. क्लास कोणता, लातूर की नागपूर, फी किती? आई-बाप कर्ज काढतात, पण फी भरतात. याबद्दल आमची तक्रार नाही. आमचे दुखणे वेगळे आहे. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत आमच्याकडे धावत येणारे पालक 'नीट'मध्ये अडखळलेल्या मुलांचे नसतात. ते चांगले गुण मिळवलेल्या मुलांचे असतात.

आमच्या ओळखीच्या एका रोजमजुराच्या मुलीचे असेच झाले. शासकीय दंत महाविद्यालयात बीडीएसची राखीव जागा तिला लागली. राज्याच्या कोट्यातील राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्र लागते. तिने अर्जच बारावीच्या निकालानंतर केला होता. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' एवढेच लिहिलेले, जातीचा रकाना कोरा. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. समितीने त्रुटी काढली, मुदत संपली, जागा पुढच्याला गेली.

1956 नंतर आपल्या अनेक घरांनी दाखल्यावर अभिमानाने फक्त 'बौद्ध' लिहिले. त्याला आम्ही चूक म्हणणार नाही. जात टाकायची म्हणूनच दीक्षा घेतली होती. पण केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळायला 1990 ची दुरुस्ती यावी लागली, आणि आजही छाननी समिती विचारते ते धर्मांतरापूर्वीच्या जातीबद्दल. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा आणा, असे ती म्हणते. जी जात आपण सोडली तिचाच कागद नातीला शोधावा लागतो. राग येतो. राग ठेवावा, आणि कागदही शोधावा.

तो सापडतो कुठे? आजोबा शिकले नसतील तर चुलत आजोबांचा शाळेतील प्रवेश-निर्गम उतारा काढा. तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल मागा. जुना सातबारा, फेरफार पाहा. महार वतनाची नोंद असेल तर उत्तमच. ज्या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात विधेयक आणले, त्याच वतनाची नोंद आज नातवंडांच्या कामी येते! वंशावळीचे शपथपत्र नमुना 3 मध्ये करावे लागते. त्यात एक नाव जरी दाखल्यापेक्षा वेगळे पडले, 'सखाराम'चे 'सखा' झाले, तरी महिने जातात. म्हणून अर्ज अकरावीतच, महाविद्यालयामार्फत करा.

अभ्यासाचे थोडक्यात सांगतो. 'नीट'च्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, तेव्हा अंदाजाने गोळे रंगवू नयेत. आपल्यासाठी पात्रता साधारणतः 40 पर्सेंटाइलची असते. पात्र होणे म्हणजे प्रवेश मिळणे नव्हे, पण हे सांगूनही पालक पेढे वाटतात. खासगी अभिमत विद्यापीठांच्या जाहिरातींना भुलू नका. तिथे अनुसूचित जातीसाठी राखीव जागा नसतात. खर्चाचाही अंदाज आधीच घ्या. फी शिष्यवृत्तीतून किंवा फ्रीशिपमधून सुटली तरी पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरण्याची हत्यारे, पुढे इतर साहित्य, हे घरूनच घ्यावे लागते.

आणखी एक. एमबीबीएस हुकले म्हणून बीडीएस, असे नाक मुरडणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा वस्तीतल्या पानटपरीवर उभे राहावे. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पुडी मिळते, खर्रा तर विदर्भात उघड घोटला जातो. सुपारीने विशी-पंचविशीतल्या पोरांची तोंडे दोन बोटांपलीकडे उघडत नाहीत. तिखट लागले की आग होते. हा कर्करोगाच्या वाटेवरचा आजार आहे, आणि तो सर्वांत आधी दाताच्या डॉक्टरला दिसतो. असे किती डॉक्टर आपल्या वस्तीत दवाखाना टाकून बसले आहेत?

त्या मुलीचे वर्ष गेले. चुलत आजोबांच्या चौथीच्या नोंदीवर तिला वैधता मिळाली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा 'नीट' देऊन प्रवेशही मिळाला. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. या मुलांना ठरलेले काम पूर्ण करण्यासाठी रुग्णही स्वतःच जमवावे लागतात. म्हणून एका रविवारी वंदना संपल्यावर ती टॉर्च घेऊन विहारात बसली. बायका, म्हातारे रांगेने तोंड दाखवून गेले. तरुण मुले मात्र खिशावर हात ठेवून बाहेरच घुटमळत होती. तिने एकेकाला नावाने हाक मारून आत घेतले. दोघांना तर तिने सोमवारी सकाळी सोबतच रुग्णालयात नेले.

तिचा धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे. त्याची फाइल आमच्या टेबलावर आहे, आणि ती फार जाड नाही. रक्ताच्या नात्यातील व्यक्तीची वैधता समितीने सहसा नाकारू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले आहे. सर्वांत वर आम्ही बहिणीचे प्रमाणपत्र लावले आहे.