बखर, कादंबरी आणि पडदा : मराठी ऐतिहासिक चित्रपटाचा आधार

तानाजी मालुसरे सिंहगड कसे चढले, असे महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत विचारा, यशवंती घोरपडीचे नाव आधी ऐकू येईल. तिच्या कमरेला दोर बांधला, ती कड्याला चिकटली आणि त्या दोराने मावळे वर गेले. लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली ती १६९७ च्या सुमारास. लढाईत उतरलेली किंवा तिची हकीकत प्रत्यक्ष ऐकलेली माणसे तेव्हा हयात असणार. या बखरीत पाचशे मावळे आहेत, कडा चढून जाणारे दोन निवडक गडी आहेत. घोरपड नाही. ती भेटते तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात.

गडाच्या नावाचेही तसेच. तानाजींच्या बलिदानानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे आपण मानतो. पण शिवाजी महाराजांच्या ३ एप्रिल १६६३ च्या पत्रात, म्हणजे लढाईच्या जवळजवळ सात वर्षे आधी, ‘सिंहगड’ हेच नाव आलेले आहे. सभासदाच्या बखरीत महाराजांच्या तोंडी एक गड मिळाला पण एक गड गेला, या अर्थाचे उद्गार आहेत. त्यात सिंह कुठे नाही.

यामुळे तानाजींचे शौर्य तसूभरही कमी होत नाही. घोरपडीवाचून केवळ हातापायांच्या बळावर तो कडा चढणारे मावळे तर अधिकच मोठे ठरतात. प्रश्न वेगळा आहे. आपल्या मनातला इतिहास कागदावरून आला की पोवाडा, कादंबरी, नाटक आणि चित्रपट या वाटेने? मराठी ऐतिहासिक चित्रपटाची शंभर वर्षे पाहिली तर उत्तर स्पष्ट आहे. पडदा बहुतेक वेळा कादंबरीपाशी आणि नाटकापाशी थांबला, दप्तरापर्यंत गेला नाही. त्याची किंमत काही ऐतिहासिक व्यक्तींना फार मोठी मोजावी लागली.

कोल्हापूरची सुरुवात

१९२३ मध्ये कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंटर. कथेचा आधार होता हरी नारायण आपट्यांची १९०३ मधली ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी. बाबूरावांनी स्वतः शिवाजी महाराजांची भूमिका केली आणि शेलारमामा झाले होते तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. रात्रीच्या लढाईसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रीकरण सूर्यप्रकाशावर अवलंबून असण्याच्या त्या काळात हे मोठे धाडस होते. मूळचे ते नाटकांचे पडदे रंगवणारे चित्रकार. त्यामुळे पोशाख, शस्त्रे, वाडे यांच्याकडे त्यांची बारीक नजर होती. लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले होते.

त्या पिढीने इतिहास का निवडला, हे समजून घ्यायला हवे. देश पारतंत्र्यात होता. वर्तमानातल्या सत्तेविरुद्ध पडद्यावर बोलणे अशक्य होते, म्हणून सतराव्या शतकातल्या सत्तेविरुद्ध बोलले जाई आणि प्रेक्षक ते बरोबर ओळखत. सरकारही ओळखत असे. प्रभात फिल्म कंपनीने १९३० मध्ये शिवचरित्रावर मूकपट केला, त्याचे नाव होते ‘स्वराज्याचे तोरण’. ‘स्वराज्य’ हा शब्द परीक्षकांना चालला नाही आणि चित्रपट ‘उदयकाल’ या नावाने आला. त्यात शिवाजी झाले होते शांतारामच. पाच वर्षांनी प्रभातनेच संत एकनाथांवर ‘महात्मा’ नावाचा बोलपट केला, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. ‘महात्मा’ म्हणताच गांधीजी आठवतात, म्हणून त्याचे ‘धर्मात्मा’ करावे लागले.

ज्या काळात एका शब्दासाठी चित्रपट अडत होता, त्या काळात प्रेक्षकाला धीर देणे हे दिग्दर्शकाला तपशिलाच्या खरेपणापेक्षा मोठे काम वाटले. त्या निर्मात्यांना आज दोष देणे अन्यायाचे होईल. पण त्यांची रीत पुढे सवय बनली. स्वातंत्र्य आले, परीक्षकांचे भय बदलले, दप्तरखाने उघडले, तरी कादंबरीवरून पटकथा लिहिण्याची सवय सुटली नाही.

संभाजी महाराजांवरचा अन्याय

या सवयीचा सर्वांत मोठा फटका संभाजी महाराजांना बसला. १६८१ ते १६८९ या त्यांच्या कारकिर्दीत औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला होता. मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तिन्ही आघाड्यांवर ते लढत राहिले. संस्कृतात ‘बुधभूषण’ रचणारा हा राजा १ फेब्रुवारी १६८९ रोजी संगमेश्वराला पकडला गेला आणि ११ मार्चला अतोनात हाल सोसून मेला.

तरीही मराठी रंगभूमीवर कित्येक वर्षे दिसला तो व्यसनी, स्त्रीलंपट, उतावळा संभाजी. त्याचे एक मूळ मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीत आहे. ती १८१० च्या सुमाराची, म्हणजे संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांची. मल्हाररावांचे पूर्वज बाळाजी आवजी चिटणीस यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये कटाच्या आरोपावरून देहदंड दिला होता. त्यांच्या वंशजाने लिहिलेली बखर तपासून घ्यायला हवी होती. ती तशीच उचलली गेली. राम गणेश गडकऱ्यांच्या अपूर्ण राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने त्या प्रतिमेला भाषेचे वैभव दिले आणि भाषा इतकी देखणी की प्रतिमा घट्ट बसली.

मग आला पडदा. १९४१ मध्ये भालजी पेंढारकरांचा ‘थोरातांची कमळा’ झळकला. सुमती गुप्ते आणि चंद्रकांत त्यात प्रमुख भूमिकांत होते. संभाजीराजे आणि थोरातांची मुलगी कमळा यांच्या प्रेमाची ही कथा. भालजींची शिवचरित्रावरची निष्ठा निर्विवाद होती. ‘छत्रपती शिवाजी’पासून ‘गनिमी कावा’पर्यंत त्यांनी आयुष्यभर मराठेशाही उभी केली. पण कमळेच्या कथेला समकालीन कागदांचा आधार नाही. नाटकांत आणि दंतकथांत ती होती, म्हणून पडद्यावर आली, आणि पडद्यावर आली म्हणून लोकांनी ती खरी मानली.

हे चित्र पुसण्याचे काम वा. सी. बेंद्रे यांनी केले. शिवाजी महाराजांचे म्हणून पूर्वी छापले जाणारे चित्र भलत्याच माणसाचे आहे हे दाखवून महाराजांचे अस्सल चित्र समोर आणणारे संशोधक ते हेच. फारसी, इंग्रजी, पोर्तुगीज, मराठी साधने गोळा करून त्यांनी कित्येक वर्षे खर्ची घातली आणि १९६० मध्ये संभाजी महाराजांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९७१ मध्ये डॉ. कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ आले. तारखा जुळवून, साक्षी पारखून या दोघांनी दंतकथांची जळमटे काढली. रंगभूमीनेही कूस बदलली. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ने १९६२ मध्ये संभाजीला दुखावलेला मुलगा म्हणून समजून घेतले, तर ‘इथे ओशाळला मृत्यू’ने त्याचे धीरोदात्त मरण उभे केले. १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’ आली.

याच कादंबरीवर २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकरांचा हिंदी ‘छावा’ आला आणि देशभर चालला. प्रतिमा पूर्ण उलटली होती, आणि ती योग्य दिशेने उलटली याचा आनंदच आहे. पण रीत तीच राहिली. पुन्हा आधार कादंबरी. प्रदर्शनाआधी राजे लेझीम खेळतात त्या दृश्यावर वाद झाला आणि ते काढण्यात आले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवल्याबद्दल हरकत घेतली. संगमेश्वरच्या कैदेमागे कोणाची फितुरी होती, हा अभ्यासकांमध्ये चर्चेचा विषय आहे. पडद्यावर मात्र त्याचा निकाल लागतो आणि कोट्यवधी प्रेक्षक तो घेऊन घरी जातात. काल एका राजाचे चारित्र्य पुराव्याविना मलिन झाले. आज पुरावा पुरेसा न तपासता दुसऱ्या कोणाचे झाले तर तोही अन्यायच आहे.

एक पान, एक न्यायाधीश

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावांचे चुलते रघुनाथराव यांना दोषी ठरवले. रघुनाथरावांच्या पत्रातल्या ‘धरावे’चे त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘मारावे’ केले, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. ही हकीकत ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात दिली, म्हणजे खुनानंतर अर्धशतकाने. आनंदीबाईंनी तो बदल केला याचा निर्णायक पुरावा नाही, तरी त्या स्त्रीच्या नावाला चिकटलेला हा डाग अजून गेलेला नाही.

या विषयावर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ हे नाटक लिहिले. १९४४ मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ काढला. पटकथा शिवराम वाशीकरांची, शीर्षक भूमिकेत गजानन जागीरदार, आनंदीबाई झाल्या ललिता पवार. दिग्दर्शनही जागीरदारांच्याच नावाने ओळखले जाते. विश्राम बेडेकर आणि राजा नेने यांचाही त्यात हात होता. हा चित्रपट आजही उभा राहतो याचे कारण त्याचा कणा. लढाई नाही, तलवारबाजी नाही. निःशस्त्र न्यायाधीश सत्ताधाऱ्याला त्याच्याच दरबारात गुन्हेगार ठरवतो, एवढाच प्रसंग. रामशास्त्री पुणे सोडून वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले, पदाची पर्वा केली नाही. ‘छोडो भारत’ चळवळीची धग विझली नव्हती त्या १९४४ सालात हे पाहणाऱ्या प्रेक्षकाला वेगळे काही सांगावे लागले नसेल. आनंदीबाईंच्या बाबतीत मात्र अजून आपण रामशास्त्र्यांच्याच कसोटीने पुरावा मागितलेला नाही.

कागद हाताशी असताना

पेशवाईबद्दल कागदांची उणीव आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात छापून घेतले. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ पुण्यातच आहे. तरीही २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला तो ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ कादंबरीवरून, आणि त्यात काशीबाई व मस्तानी एकत्र नाचल्या. पेशव्यांच्या घरात असे घडल्याचा कागद नाही, आणि त्या काळच्या घराण्याच्या रीतीत ते बसतही नाही. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. त्यानंतर लवकरच मस्तानी गेली. पाबळला तिची कबर आहे. या दोघांच्या आणि मागे उरलेल्या काशीबाईंच्या वाट्याला जे खरोखर आले, त्यात चित्रपटाला पुरून उरेल एवढे नाट्य होते.

खऱ्या कागदांतूनही चांगला चित्रपट होतो, हे आपल्याच लोकांनी दाखवले आहे. आचार्य अत्र्यांनी १९५४ मध्ये ‘महात्मा फुले’ काढला. बाबूराव पेंढारकर जोतीराव झाले, मुहूर्ताला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. फुल्यांचे विचार जाणायला बखरीची गरज नव्हती. १८७३ ची ‘गुलामगिरी’ आणि १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन त्यांच्याच शब्दांत उपलब्ध होते.

परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’त (२००९) दादासाहेब फाळके लंडनला जाऊन कॅमेरा आणतात, अंकुराच्या वाढीचे चित्रीकरण करतात, सरस्वतीबाई घर आणि फिल्म दोन्ही सांभाळतात. हे खरे घडलेले आहे. फाळक्यांनी स्वतः ‘नवयुग’ मासिकात आपल्या धडपडीची हकीकत लिहून ठेवली होती. म्हणूनच त्या चित्रपटातला विनोदही खरा वाटतो.

समीर विद्वांस यांचा ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) या दोन्ही वाटांच्या मध्ये उभा आहे. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीने आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी यांचे चित्र मराठी मनात पक्के केले. पण आनंदीबाईंची पत्रे उपलब्ध आहेत. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर यांना लिहिलेल्या पत्रांतून त्यांचा आवाज थेट ऐकू येतो. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय अवघे एकवीस. मीरा कोसंबी यांनी ही पत्रे आणि इतर साधने तपासून दाखवले की कादंबरीतल्या आनंदीपेक्षा पत्रांतली आनंदी अधिक स्वतंत्र विचारांची आहे. पुढच्या कुठल्याही पटकथेने तिथून सुरुवात करावी.

मागणी काय आहे

कल्पनेशिवाय चित्रपट होत नाही. दोन माणसे बंद दाराआड काय बोलली, याचा कागद सापडत नाही. तो संवाद लेखकालाच लिहावा लागतो आणि त्याला तो अधिकार आहे. पण खऱ्या माणसाचे नाव घेऊन त्याच्या माथी खून, फितुरी किंवा व्यसन मारायचे तर पुरावा हवाच. मेलेला माणूस फिर्याद करू शकत नाही, म्हणून ही जबाबदारी अधिक कडक आहे. सुरुवातीला पडद्यावर येणारी ‘सर्जनशील स्वातंत्र्य घेतले आहे’ ही पाटी त्यातून कोणाला मुक्त करत नाही.

निर्मात्यांना माझी मागणी साधी आहे. ऐतिहासिक चित्रपटासोबत एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध करा. कोणते प्रसंग कोणत्या कागदावरून घेतले, कोणते कादंबरीतून आणि कोणते पटकथाकाराने रचले, हे त्यात प्रामाणिकपणे लिहा. मोडी आणि फारसी वाचणारा अभ्यासक पटकथा लिहिण्याआधी सोबत घ्या, वाद झाल्यावर नव्हे. सेटवर आणि वेषभूषेवर जो खर्च होतो, त्याच्या अल्पशा वाट्यात हे काम होईल.

वाचकांनाही विनंती आहे. मुलांना सिंहगडावर जरूर न्या, तानाजींचे चित्रपटही दाखवा. पण घरी आल्यावर सभासदाच्या बखरीतली ती दोन-चार पाने त्यांना वाचून दाखवा. काय घडले आणि आपण काय रचले यांतला फरक ज्या मुलाला कळतो, त्याला पुढे कोणीही खोट्या इतिहासावर भडकवू शकत नाही.