घोड्याला गुंगी देताना दोन औषधे कशासाठी?

दिवाळी सरली की माणदेशातले मेंढपाळ बिऱ्हाड उचलून पश्चिमेची वाट धरतात. पुढे मेंढरे, मागे तट्टे. तट्टांच्या पाठीवर भांडीकुंडी, वाघर, करडे आणि कधी एखादे तान्हे पोरसुद्धा. इकडे महाबळेश्वर-पाचगणीला घोडी पाहुण्यांना पाठीवर घेऊन फिरतात. आपल्या भागातला घोडा हा असा, पोटासाठी राबणारा आहे. तो चार दिवस लंगडला तर सगळे बिऱ्हाड अडते.

आता समजा, कोयनानगरच्या वरच्या अंगाला एका घोडीचा मागचा पाय काटेरी तारेत अडकला आणि कातडे सोलून लोंबू लागले. टाके घालायला हवेत. घालणार कसे? जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. वरच्या ओठाला दोरीचा पीळ द्यायचा, एक पाय उचलून बांधायचा आणि चार गड्यांनी लोंबकळायचे. खुराला नाल ठोकण्यापुरते हे ठीक. पण ठणकणाऱ्या जखमेत सुई टोचली की दोन-अडीचशे किलोचे जनावर चार गड्यांना दाद देत नाही. गडी जायबंदी होतो आणि घोडी बिथरते ती कायमची.

म्हणून डॉक्टर गुंगीचे इंजेक्शन देतात. गुंगी आणि भूल यांत फरक आहे. भूल दिलेले जनावर आडवे पडते, त्याला शुद्ध नसते. गुंगीतला घोडा उभाच राहतो, फक्त मान खाली घालतो, पापण्या मिटू लागतात, खालचा ओठ लोंबतो. घोड्यासारख्या जड जनावराला आडवे पाडणे आणि परत उठवणे हे स्वतःच जोखमीचे काम आहे. तेव्हा उभ्याने भागत असेल तर ते केव्हाही बरे.

या कामी नेहमी वापरतात त्या औषधाचे नाव झायलाझीन. ते १९६२ साली जर्मनीत तयार झाले. माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी वापरता येईल, अशी आशा होती. पण माणसात नाडी आणि रक्तदाब इतके खाली गेले की तो नाद सोडावा लागला आणि औषध जनावरांच्या दवाखान्यात आले. मेंदूला जागे व सावध ठेवणारा नॉरॲड्रेनालीन नावाचा एक पदार्थ असतो. त्याचे झिरपणे हे औषध कमी करते. शिरेतून दिले तर पाच मिनिटांच्या आत घोडा सुस्तावतो.

इथे एक मेख आहे. सुस्तावलेला घोडा गरीब दिसतो, पण तो फसवा असतो. कान खाली, डोळे अर्धे मिटलेले, आणि मागच्या पायाला हात लागला की नेमकी दुगाणी! अनुभवी मोतद्दारसुद्धा इथे फसतात. औषध वाढवले तर लाथ पुरती थांबेलच असे नाही. उलट नाडी आणखी मंदावते आणि घोडा झोकांड्या खाऊ लागतो.

मग अफूच्या जातीचे औषध का देत नाहीत, असे तुम्ही विचाराल. वेदना मारण्यात या जातीचा हात धरणारे दुसरे औषध नाही. पण घोड्याची प्रकृती निराळी. माणूस ज्या औषधाने पेंगतो, त्यानेच घोडा, विशेषतः ज्याला वेदना नाही असा, अस्वस्थ होतो, ठाण्यावर येरझाऱ्या घालतो, कधी उधळतो. नुसते हे औषध टोचणे म्हणजे आगीत तेल.

आणि गंमत अशी की, ही दोन अपुरी औषधे एकत्र आली की एकमेकांची खोड झाकतात. झायलाझीन घोड्याला आधी शांत करते, म्हणून अफूच्या जातीचे औषध त्याला उधळवत नाही. ते दुसरे औषध स्पर्शाची आणि वेदनेची धार बोथट करते, म्हणून दुगाणीचा संभव कमी होतो. आणि दोन्हींची मात्रा आवरती ठेवता येते. घोड्यासाठी यातले बरेच वापरातले नाव ब्युटॉर्फेनॉल. झायलाझीन किलोमागे साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम लागते, तर ब्युटॉर्फेनॉल एक-दोन शतांश मिलिग्रॅम पुरते. क्रम महत्त्वाचा. आधी झायलाझीन, चार-पाच मिनिटे थांबून मान खाली गेल्याची खात्री, मग दुसरे. काम करायला अर्धा-पाऊण तास मिळतो. टाक्यांच्या जागी बधिरतेचे इंजेक्शन मात्र वेगळे द्यावेच लागते, आणि धनुर्वाताचेही विसरू नये, कारण पाळीव जनावरांत घोड्याइतके धनुर्वाताला बळी पडणारे दुसरे नाही.

इंजेक्शन डॉक्टरांचे, पण यश निम्मे तुमच्या हाती आहे. घोडी उधळलेली, पाठलाग करून पकडलेली असेल तर अंगात भिनलेली भीती औषधाला पुरी पडू देत नाही. तेव्हा आधी सावलीत, ओळखीच्या माणसाजवळ, निवांत उभी करावी. सुई टोचल्यावर पाच मिनिटे कोणी बोलू नये. पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवावे. घाम येईल, मागाहून लघवी बरीच होईल, त्याने घाबरू नका. पण मान वर येऊन घोडी पुरती सावध होईपर्यंत वैरण किंवा तोबरा तोंडापुढे ठेवू नका. गुंगीत गिळणे ढिले पडते आणि घास अन्ननळीत अडकतो. गुंगी असली तरी मागच्या पायांच्या टप्प्यात कोणी बसू नये, हेही सांगून ठेवतो.

सर्वांत मोठा धोका मात्र उरलेल्या बाटलीत आहे. घोड्याला चालले म्हणून गाईला टोचू, असे कोणाच्या मनात आले तर अनर्थ होईल. झायलाझीन गाय-बैलाला घोड्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यातच पुरते. घोड्याच्या मापाने दिलेली गाय आडवी पडते, पोट फुगते, लाळ-रवंथ श्वासनळीत जाते. गाभण गाईला शेवटच्या महिन्यांत तर त्याने गर्भाशय आवळतो. माणसालाही ते घातक. अमेरिकेत नशेच्या फेंटानिलमध्ये झायलाझीनची भेसळ होऊन माणसे दगावली आहेत. अफूच्या जातीवर नालोक्झोन हा उतारा चालतो, झायलाझीनवर त्याचा उपयोग नाही. जनावरात त्यावर योहिंबीन चालते, ते आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीत सापडते. पण असले उतारे डॉक्टरांच्या पेटीत असतात, आपल्या घरात नाही. रिकाम्या बाटल्या आणि सुया म्हणूनच डॉक्टरांच्या हाती परत द्याव्यात.

डॉक्टरांना बोलावताना, किंवा १९६२ या जनावरांच्या मदतीच्या क्रमांकावर बोलताना, घोडीचे वजन सांगता आले तर फार सोय होते. वजनकाट्याची गरज नाही. शाळेतल्या गुरुजींनी हे गणित मुलांकडून करून घ्यावे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीने त्याला गुणा आणि ११,८७७ ने भागा. घेर १४० आणि लांबी १३० भरली तर वजन सुमारे २१५ किलो. आणखी एवढे सांगा : घोडी गाभण आहे का, पूर्वी कधी गुंगी दिली होती का आणि शेवटची वैरण केव्हा खाल्ली.