अंडे फुटू नये म्हणून : वर्गात करून पाहावा असा इंजिनिअरिंगचा धडा

आपल्या मुलांनी इंजिनिअर व्हावे, असे आपण सगळेच म्हणतो. पण इंजिनिअर नेमके काय करतो, असे दहावीच्या विद्यार्थ्याला विचारले तर तो बहुधा शाखांची आणि कॉलेजांची नावे सांगतो. दोष त्याचा नाही. आपण त्याच्या हातात प्रश्नपत्रिका दिली, काही बनवायला दिले नाही. म्हणून शाळेत, अभ्यासिकेत किंवा सुट्टीतल्या शिबिरात सहज घेता येईल असा एक उपक्रम आम्ही इथे समजावून सांगत आहोत. अनेक देशांतल्या शाळांत तो 'एग ड्रॉप' नावाने घेतला जातो.

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक कच्चे अंडे, जुनी वर्तमानपत्रे, थोडा पुठ्ठा, सुतळी, चिकटपट्टी आणि मूठभर पेंढा द्या. वेळ चाळीस मिनिटे. अंडे आधी छोट्या पिशवीत घट्ट बांधावे, म्हणजे फुटले तरी वाया जात नाही, भुर्जी होते. जिथे अंडे चालत नाही, तिथे भाजलेला पापड घ्या. पॅकिंग तयार झाले की मोठ्या माणसाने ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, म्हणजे साधारण 3 मीटरवरून, खाली सोडावे.

आता यामागचे विज्ञान पाहू. 3 मीटरवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे 28 किलोमीटर असतो. हा वेग केवळ 3 मिलिमीटरमध्ये थांबला, तर अंड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे हजारपट जोर येतो. म्हणजे 50 ग्रॅमच्या अंड्यावर जणू 50 किलोंचे पोते! पण पॅकिंग 6 सेंटिमीटर चेपले, तर तोच जोर पन्नासपटीच्या आसपास, म्हणजे अडीच किलोंच्या भाराइतका उरतो. अंड्याभोवती कठीण कवच उभे करून भागत नाही. अंड्याला थांबायला जागा आणि वेळ मिळावा लागतो. शिवाय धक्का एकाच टोकावर न येता सगळीकडे वाटला गेला पाहिजे. म्हणूनच नुसत्या लोखंडी डब्यात ठेवलेले अंडे फुटते.

हेच तत्त्व आपल्या आजूबाजूला आहे. किराणा दुकानातला कागदी लगद्याचा 30 अंड्यांचा ट्रे पाहा; प्रत्येक अंड्याला स्वतंत्र खळगा. कॅनडातील जोसेफ कॉइल या वर्तमानपत्र चालवणाऱ्या माणसाने 1911 मध्ये अंड्यांसाठी असा खोका तयार केला, तोही फुटक्या अंड्यांवरून झालेले भांडण ऐकून. हापूसच्या पेटीतला पेंढा हेच काम करतो. आणि 4 जुलै 1997 रोजी 'मार्स पाथफाइंडर' यान हवेच्या पिशव्यांत गुंडाळलेले मंगळावर उतरले, ते किमान पंधरा वेळा उसळून मगच स्थिरावले.

परीक्षण करताना एक पथ्य पाळा. अंडे वाचले एवढ्यावर बक्षीस देऊ नका. गादीत गुंडाळले तर कुणाचेही वाचेल. प्रत्येक साहित्याला किंमत लावा, पॅकिंगचे वजन करा. कमी वजनात, कमी खर्चात ज्याचे अंडे वाचले तो गट पुढे. दुसरी संधी तर सगळ्यांना द्याच. अंडे कुठे तडकले ते पाहायचे, वहीत लिहायचे, एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा सोडायचे. खरे इंजिनिअरिंग या दुसऱ्या फेरीत सुरू होते. शिक्षकांनी उत्तर सांगून टाकले, तर सगळा उपक्रम वाया गेला म्हणून समजा.

आम्हाला हा उपक्रम महत्त्वाचा वाटतो त्याचे आणखी एक कारण आहे. आपल्या समाजव्यवस्थेने हाताने काम करणाऱ्याला कायम कमी लेखले. मार्केट यार्डात क्रेट लावणारे वडील किंवा कारखान्यात माल भरणारी आई यांच्याकडे नाजूक माल कसा रचायचा याचे पक्के ज्ञान असते. पण त्यांचे मूल वर्गात ते सांगायला संकोचते. अशा पालकांना त्या दिवशी परीक्षक म्हणून बोलवा. घरातले काम हेही ज्ञान आहे, हे मुलांना दिसू द्या. आणि मुलींना फक्त नोंदी लिहायला बसवू नका. पुठ्ठा कापणे, जोडणे त्यांच्याही हाती येऊ द्या.

वीस मुलांसाठी पहिल्या फेरीला पाच अंडी, दुसऱ्या फेरीला फुटली असतील तेवढी, आणि घरची रद्दी पुरते. प्रयोगशाळा नाही, ही सबब इथे चालत नाही. येत्या रविवारी आपल्या वस्तीत करून पाहा.